टू-स्ट्रोकचं जेटिंग: घाट, थंडी आणि टाकीतला ऊस

“आरएक्सला कितीचा जेट टाकू?” साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या जुन्या गॅरेजवर थोडा वेळ उभं राहिलं, की हा प्रश्न कानावर येतोच. आरएक्स १०० ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात निघाली. अजूनही इकडे ती जिवापाड जपली जाते. तिच्या जोडीला येझदी आहे, जुनी चेतक आहे, कुणाच्या तरी आजोबांची राजदूत आहे. या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्यांचं जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधून हवेच्या मानानं पेट्रोल किती यावं हे जुळवणं, तोंडी चालत आलं. एकानं एक नंबर सांगितला, दुसऱ्यानं तो टाकला, तिसऱ्याच्या गाडीला तो लागू पडला नाही. नंबर चुकीचा होता असं नाही. तो कुठल्या हवेसाठी, कुठल्या पेट्रोलसाठी आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीच्या कुठल्या भागासाठी होता, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हे तीन प्रश्न एकदा सुटे करून समजले, की जेटिंग शिकणं अवघड राहत नाही. आणि साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला त्यात एक गोष्ट नक्की चकित करेल. आपण घाटाची जेवढी चिंता करतो, तेवढा फरक घाट पाडत नाही. खरा मोठा फरक पेट्रोलच्या टाकीत आहे.

कार्ब्युरेटर काय करतो ते आधी बघू. इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्ब्युरेटरच्या गळ्यातून जाताना वेग घेते, आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. खाली फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या, वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतल्या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं आणि हवेत मिसळतं. जेट म्हणजे पितळेचा छोटा तुकडा, मधोमध नेमक्या मापाचं भोक. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, म्हणजे मिश्रण रिच. भोक लहान तर पेट्रोल कमी, म्हणजे लीन.

अडचण अशी, की जळण्याचा हिशेब वजनावर चालतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे १२ ते १३ किलो हवेमागे एक किलो. कार्ब्युरेटरला मात्र हवेचं वजन कळत नाही. थंडीतली घट्ट हवा काय किंवा मे महिन्यातली पातळ हवा काय, त्याच्या गळ्यातून जाते ती सारखीच जागा भरून. नव्या इंजेक्शनच्या गाडीत हवा मोजायला सेन्सर असतात. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ते काम मालकालाच करावं लागतं.

आणि टू-स्ट्रोकमध्ये ते मन लावून करावं लागतं. फोर-स्ट्रोक गाडी थोडी लीन झाली तर तापते, सायलेन्सरमधून फटफट करते, पण बरंच सहन करते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो, पिस्टनला उसंत नसते. आत येणारं मिश्रण आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतून, जातं. पिस्टनचा खालचा भाग आणि बेअरिंग तेच थंड ठेवतं. चेतक, येझदीसारख्या गाड्यांत तर ऑइलही पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी पडलं की आतली आग जास्त तापते, थंडावा कमी होतो आणि ऑइलही घटतं. तिन्ही एकदम. एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि गाडी सीझ होते. चालत्या गाडीचं मागचं चाक अचानक अडकलं तर काय होतं, हे सांगायला नको. आरएक्समध्ये ऑइलचा वेगळा पंप आहे, त्यामुळे तिसरं संकट तिथं सौम्य होतं. पहिली दोन तशीच राहतात.

वाईट म्हणजे, लीन झालेली गाडी आधी खूश करते. धूर कमी होतो, आवाज मोकळा होतो, पिकअप तिखट वाटतो. “गाडी आज लई भारी पळतीया,” असं नेमकं त्याच वेळी वाटतं. म्हणून जेटिंग नेहमी रिचकडून लीनकडे करायचं. मोठ्या जेटपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली यायचं. रिच गाडी धूर काढेल, प्लग काळा करेल, पण पिस्टन खाणार नाही.

मुठीचे चार भाग

नवशिक्याची सगळ्यात मोठी गफलत इथं होते. कार्ब्युरेटरचा कुठला भाग काम करतोय हे स्पीडवर ठरत नाही, आरपीएमवरही ठरत नाही. मूठ किती पिळली आहे यावर ते ठरतं. हायवेवर कराडकडे सपाटीनं ६० च्या वेगात जाताना आरएक्सची मूठ अर्ध्याच्याही आत असते. तीच गाडी मागं एकाला बसवून यवतेश्वरचा चढ चढत असेल, तर वेग निम्म्यावर येतो पण मूठ पूर्ण पिळलेली असते. पहिल्या प्रसंगात कार्ब्युरेटरमधल्या सुईचं राज्य, दुसऱ्यात मेन म्हणजे मुख्य जेटचं. हायवेवर ६० ला गाडी गचके देते म्हणून मेन जेट बदलणारा माणूस भलत्याच जागी हात घालतो.

यावर उपाय स्वस्त आहे. मुठीच्या कडेला आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढरी चिकटपट्टी लावायची. मूठ बंद असताना एक रेघ ओढायची, पूर्ण उघडल्यावर दुसरी, आणि मधल्या अंतराचे चार भाग करायचे. आता गाडी कुठं अडखळते ते डोळ्यांनी दिसेल.

मूठ बंद ते पाव उघडी, इथं पायलट जेट आणि त्याच्या जोडीचा स्क्रू काम करतो. आरएक्ससारख्या मिकुनी कार्ब्युरेटरला हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि तो हवा सोडतो. आत घट्ट केला की मिश्रण रिच, बाहेर सोडला की लीन. ज्या कार्ब्युरेटरला स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, तिथं तो पेट्रोल सोडतो आणि हिशेब बरोबर उलटा होतो. स्क्रू कुठल्या बाजूला आहे हे न बघता फिरवला तर दुपार वाया जाते.

पावाच्या आसपास स्लाइडच्या, म्हणजे मूठ पिळली की गळ्यात वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या, खालच्या तिरक्या कापाचा प्रभाव असतो. स्लाइड मूळची असेल तर तिच्या वाटेला जायचं कारण नाही.

पाव ते पाऊण, म्हणजे रोजच्या चालवण्याचा जवळजवळ सगळा भाग, सुईच्या ताब्यात असतो. स्लाइडला लटकलेली ही निमुळती सुई वर उचलली गेली, की तिच्याभोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. सुईच्या डोक्याकडे बारीक खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसते. क्लिप खालच्या खाचेत टाकली तर सुई वर उचलली जाते, मिश्रण रिच. क्लिप वरच्या खाचेत, तर सुई खाली, मिश्रण लीन. क्लिप आणि सुई उलट्या दिशेनं चालतात, हे पक्कं डोक्यात बसवायचं.

पाऊण ते पूर्ण उघड्या मुठीला मेन जेट. सगळे ज्याच्या नंबरबद्दल बोलतात, त्याचा संबंध एवढ्याच शेवटच्या भागाशी असतो. या चार भागांच्या सीमा एकमेकींत थोड्या मिसळतात, पण निदान करायला ही विभागणी पुरते.

नंबरबद्दल आणखी एक. डेलऑर्टो कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, १०० म्हणजे १ मिलिमीटर. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावर ठरवलेला असतो. एकाचा नंबर दुसऱ्याला लावता येत नाही. व्यासाच्या हिशेबात १०० वरून १०५ म्हणजे पाच टक्के वाटतात, पण भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं.

जेटला हात लावायच्या आधी

सरळ सांगतो, जेटिंग बिघडलंय म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचं जेटिंग ठीकच असतं. कुठूनतरी चोरटी हवा शिरत असते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर चिरलेलं असतं, रीड व्हॉल्व्हचं गॅस्केट फाटलेलं असतं, किंवा क्रँकचे ऑइल सील वयानं कडक झालेले असतात. ही हवा कार्ब्युरेटरला चुकवून आत जाते आणि मिश्रण लीन करते. मोठा जेट टाकून ते झाकता येतं, पण गळती वाढत राहते आणि एक दिवस जेटही पुरत नाही. मूठ सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता वरच तरंगत राहिला, तर पहिला संशय गळतीवर घ्यायचा. गाडी आयडलला ठेवून जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. आवाज बदलला तर जागा सापडली. यासाठी पेट्रोल शिंपडणारे लोक पाहिले की अंगावर काटा येतो. तापलेल्या सिलिंडरवर पेट्रोल कधीही नको.

फ्लोटची उंचीही बघायची. वाटीतली पातळी खाली असेल तर मुठीच्या चारही भागांत गाडी लीन होते. फिल्टर साफ हवा, सायलेन्सरमधला कार्बन काढलेला हवा, प्लग गाडीला सांगितलेल्याच नंबरचा हवा. जेट साफ करायला तार वापरायची नाही. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं आणि वर छापलेला आकडा खोटा ठरतो. कार्ब्युरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. जुन्या गाडीत कुणी आधीच तार घातली असेल अशी शंका आली, तर सरळ नवा, चांगल्या कंपनीचा जेट घ्यावा. दुरुस्त केलेल्या भोकावर जेटिंग उभं करण्यात अर्थ नाही.

आणि फिल्टर काढून टाकलेली गाडी असेल तर आधी तो परत बसवा. हवा मोकळी झाली की मिश्रण लीन होतं, शिवाय उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावरची सगळी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. ते नुकसान कुठलाही जेट भरून काढत नाही.

मेन जेट, सुई, मग पायलट

क्रमाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत मेन जेटपासून सुरू करण्याचं आहे. गाडी सीझ होण्याचा सगळ्यात मोठा धोका पूर्ण उघड्या मुठीला असतो. शिवाय मेन जेट बदलला तर मधल्या भागावर थोडा परिणाम होतो, पायलट बदलून मात्र पूर्ण मुठीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून वरून खाली यायचं.

गाडी नीट तापवून घ्यायची, थंड इंजिनावर काढलेला निष्कर्ष फसवा असतो. मेन जेट इतका मोठा टाकायचा, की पूर्ण मुठीला गाडी भरडल्यासारखा जाड आवाज करेल. एक सोडून एक फेरीला पेटल्यामुळे तो आवाज येतो. मग एकेक पायरी लहान करत जायचं. ज्या जेटला तो आवाज जाऊन गाडी स्वच्छ ओढायला लागते, तिथं थांबायचं. आणखी एक पायरी खाली गेल्यावर थोडा जास्त वेग मिळेल असा मोह होतो, तो टाळावा. वाटी उघडताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा, इंजिन थंड होऊ द्यायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खात्रीसाठी प्लग बघतात, पण त्याची रीत आहे. गावातून फिरून येऊन आयडलला उभी केलेल्या गाडीचा प्लग मेन जेटबद्दल काहीच सांगत नाही. नवा प्लग लावून, लांब मोकळ्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ काही सेकंद धरायची. मग मूठ तशीच ठेवून क्लच दाबायचा आणि त्याच क्षणी गाडी बंद करायची. चढ असल्यामुळे वेग मर्यादेत राहतो आणि गाडी आपोआप थांबते. यवतेश्वरचा चढ यासाठी उत्तम, पण सकाळी लवकर, आणि कासच्या फुलांच्या दिवसांत तर अजिबात नाही. हेल्मेट घालूनच, आणि मागं गाडी नाही याची खात्री करूनच. प्लग थंड झाल्यावर आतली चिनीमाती बुडाशी बघायची. तिथं बदामी कडी दिसली तर बरोबर, काळी ओली असेल तर रिच, पांढरी फटक आणि कोरडी असेल तर लीन. आजच्या पेट्रोलचा रंग पूर्वीइतका ठळक उमटत नाही, त्यामुळे प्लगच्या जोडीला कानही वापरावा लागतो.

सुईसाठी मूठ अर्ध्यावर धरून चालवायचं. शंका असेल तर चोक किंचित ओढून बघायचा. मिकुनीचा चोक जास्तीचं पेट्रोल सोडतो. तो ओढल्यावर गाडी सुधारली, तर ती पेट्रोल मागत होती, सुई एक खाच वर घ्या. आणखी गुदमरली, तर ती आधीच रिच आहे.

शेवटी पायलट. हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत घेऊन दीड आटे बाहेर सोडायचा, मग आयडल जिथं सगळ्यात चढतं ती जागा शोधायची. ती जागा अडीच आट्यांच्याही पुढे सापडली तर पायलट जेट मोठा आहे. अर्ध्या-पाऊण आट्यातच सापडली तर लहान आहे. स्क्रू जोरात आवळू नका, टोकाची बसायची जागा खराब होते.

आता हवा

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, सांगली ५५० च्या आसपास, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास, आणि घाट उतरून चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीला. वर जाल तशी हवा विरळ. चिपळूणच्या तुलनेत महाबळेश्वरची हवा साधारण १२ टक्के विरळ, साताऱ्याच्या तुलनेत सहा टक्के. पण मिश्रण तेवढं बदलत नाही. हवा विरळ झाली की कार्ब्युरेटरच्या गळ्यातली ओढही कमी होते आणि पेट्रोलही थोडं कमी येतं. ढोबळ हिशेब निम्म्याचा. म्हणजे साताऱ्याहून महाबळेश्वरला गेल्यावर गाडी फक्त तीनेक टक्के रिच होते. थोडी सुस्त होईल, थोडा धूर काढेल, बस्स. त्यासाठी पसरणीच्या घाटात पाना काढून बसायची गरज नाही.

ऋतूचा फरक यापेक्षा मोठा आहे. हिवाळ्यातल्या पहाटेची १२ अंशांची हवा आणि मे महिन्यातल्या दुपारची ४० अंशांची हवा यांच्या घनतेत नऊ टक्के फरक असतो. गाव तेच, रस्ता तोच, पण मे महिन्याच्या दुपारी जमवलेलं जेटिंग डिसेंबरच्या पहाटे लीन ठरतं. म्हणून जेट बसवायचा तो आपण जिथं जिथं जातो त्यातल्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात थंड हवेसाठी. महाबळेश्वरला एकदम झकास चालणारी गाडी तशीच आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरवली, तर प्रत्येक वळणाला ती थोडी थोडी लीन होत जाते. उलट दिशेचा प्रवास त्रासदायक असेल, पण धोक्याचा नाही.

आणि आता टाकी. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच रूढ झालं. ते इथेनॉल येतं कुठून, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. इकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीपासून आणि उसाच्या रसापासून ते बनतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: एका किलोला नऊ किलो. २० टक्के मिश्रणाचा हिशेब मांडला तर १४.७ चा आकडा १३.५ वर येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जेट तसाच ठेवला, तर गाडी आपोआप आठ टक्क्यांच्या आसपास लीन झाली. साताऱ्याहून महाबळेश्वरच्या चढानं पडणाऱ्या फरकाच्या दुपटीहून जास्त, आणि तोही धोक्याच्या दिशेनं. बारा महिने, सपाटीवरसुद्धा.

१९९० सालच्या गाडीचा कंपनीचा नंबर आज सांगताना ही गोष्ट कुणी जोडून सांगत नाही, याची मला खरी काळजी वाटते. इथेनॉल बाष्प होताना जास्त थंडावा देतं आणि त्याचा ऑक्टेनही जास्त आहे, त्यामुळे गाडी लगेच सीझ होत नाही. पण पूर्वी हाताशी असलेली शिल्लक त्यात संपते. मग थंडीची पहाट आली, किंवा रबराला एक बारीक चीर गेली, की बोट ठेवायला जागा उरत नाही. मूळ जेटपेक्षा एक पायरी मोठ्या मेन जेटनं सुरुवात करा, सुईही एक खाच वर घेऊन बघा, आणि वर सांगितलेल्या रीतीनं खाली या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि पावसाळ्यात पायलटचं बारीक भोक त्यामुळेच बुजतं.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या गाड्यांबद्दल एक उलटा वाटणारा मुद्दा राहिला. गाडी तापते म्हणून लोक जास्तीचं ऑइल ओततात. जेटमधून जाणारा माल तेवढाच असतो. त्यात ऑइल वाढलं तर पेट्रोल तेवढं कमी झालं, म्हणजे मिश्रण आणखी लीन. चार टक्के ऑइल आणि दोन टक्के ऑइल यांत फरक थोडा आहे, पण दिशा चुकीची आहे. ऑइलचं प्रमाण गाडीला सांगितलेलंच ठेवा आणि तापण्याचा इलाज जेटमध्ये शोधा.

आणि या गाड्या घेऊन पाचगणीहून वाईला उतरताना मूठ पूर्ण बंद ठेवून, गिअरच्या ओढीवर लांब उतार उतरू नका. इंजिन जोरात फिरत असतं, पण बंद मुठीतून पेट्रोल जवळजवळ येत नाही, म्हणजे ऑइलही येत नाही. कितीही अचूक जेट बसवला असला तरी बंद मुठीला तो काही करू शकत नाही. ब्रेक वापरा, आणि अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या.